पवननं काढलेला फॉल्ट

पारस सेठचा फोन आला तेव्हा इंद्रभान मालेगावच्या आपल्या ऑटो-इलेक्ट्रिकच्या दुकानात चहा पीत होता. सेठच्या खदानीतलं पोकलेन तीन दिवसांपासून चालू होत नव्हतं. चावी फिरवली की स्टार्टर एकदा ‘टक’ म्हणायचा आणि गप्प.

“आजच्या आज पाहा, इंद्रभानभाऊ. नाही त अकोल्याचा माणूस बोलावतो. मंग आपल्या बाराही मशीन त्याच्याकडंच जातीन,” सेठ म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण पुढं म्हणालेच, “पवन असता त घंटाभरात काम झालं असतं.”

पवन दोन महिन्यांपूर्वी काविळीनं गेला होता. त्याला हातात टेस्टर धरायला शिकवलं इंद्रभाननं, आणि पाच वर्षांत सगळे फोन पवनला जायला लागले. गुरूची विद्या गुरूलाच! इंद्रभाननं त्याच्या तिरडीला खांदा दिला, तर मागून चालणारे लोक पवनच्याच हाताचे गुण गात होते. मेलेल्याचा हेवा करू नये म्हणतात. इंद्रभानला ते काही जमलं नाही.

खदानीत पोचला तेव्हा भर दुपार होती. क्रशर बंद. तापलेल्या काळ्या दगडाचा वास येत होता, आणि एवढ्या मोठ्या खड्ड्यात एक पाखरूही बोलत नव्हतं.

ऑपरेटर मुन्ना केबिनमध्ये बसला. इंद्रभान खालून ‘मार’ म्हणाला की तो चावी मारायचा. दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या होत्या. रिले ठीक. स्टार्टरपर्यंत करंट येत होता. दोन तास झाले, फॉल्ट सापडेना. मुन्ना डबा खायला टिनाच्या शेडकडं गेला. इंद्रभान मशीनखाली सरकला आणि मीटर लावून सवयीनं म्हणाला, “मार.”

टक.

“परत मार.”

टक. मग वरून हळू आवाज आला, “उस्ताद… अर्थिंग पाहा. इंजिनपासून चेसिसले येते ते पट्टी… वरून चांगली दिसते.”

अख्ख्या तालुक्यात त्याला ‘उस्ताद’ म्हणणारा एकच होता. कुठूनतरी सोल्डरिंगच्या धुराचा वास आला, पवनच्या कपड्यांना कायम यायचा तो. इंद्रभान खरडत बाहेर निघाला. केबिन रिकामी होती. मुन्ना लांब शेडमध्ये पाठमोरा बसून भाकर खात होता.

भीती नंतर आली. आधी आला तो जळफळाट. कारण पट्टी सोडवून पाहिली, तर बोल्टखाली ती पार सडलेली होती. दोन तास तिच्यावर हात फिरला होता, आणि त्याला दिसली नव्हती.

त्यानं नवी पट्टी कसून बसवली. तोवर सेठही आले. मुन्नानं चावी मारली आणि मशीन गरजलं.

“काय होतं, भाऊ?”

“अर्थिंगची पट्टी. म्या शोधली.”

“वा! अगदी पवनसारखा हात लावला तुमी,” सेठ म्हणाले.

इंद्रभानच्या अंगाचा तिळपापड झाला. “पवनले काय येत होतं, सेठ? फॉल्ट म्या शोधला. म्याच.”

इंजिन बंद पडलं. आचके नाहीत, खोकला नाही, एकदम बंद. मुन्नानं पुन्हा चावी मारली. टक. पुन्हा टक. तो चावी काढून खाली उतरला आणि सेठजवळ येऊन उभा राहिला.

सेठनं घड्याळ पाहिलं. “मंग लावू का अकोल्याले फोन?”

“थांबा,” म्हणत इंद्रभान उताणा होऊन खाली सरकला. पट्टी जागेवर होती, बोल्ट घट्ट होता, कुठंच काही चुकलेलं नव्हतं. काय म्हणायचं ते त्याला कळलं. पण तोंडातून निघेना. शेवटी ओठातल्या ओठात, सेठला ऐकू जाणार नाही इतपत, तो पुटपुटला, “फॉल्ट पवननं काढला.”

स्टार्टरनं अर्धा फेरा मारला. सगळं धूड त्याच्या छातीवर एकदा थरथरलं आणि थांबलं.

“मुन्ना… चावी कोनं मारली रे?” सेठचा आवाज आला.

“चावी त माह्या हातात हाये, सेठ.”

त्या दोघांचे पाय मागं सरकताना इंद्रभानला दिसले. धुराचा वास आता अगदी जवळ आला होता. वरून आवाज आला, पूर्वीसारखाच अदबीचा.

“जरा मोठ्यानं, उस्ताद… सेठले आयकू येऊ द्या.”

मशीन ज्यांवर चालतं त्या दोन्ही लोखंडी चेनच्या मधोमध पडलेल्या इंद्रभाननं दात आवळले. आणि ओठ घट्ट मिटून घेतले.