दोन रिंगांचा नवरा

दोन रिंगा. मग कट.

तीन वर्षं हेच. गेल्या आठवड्यापासून तेही नाही.

अहिल्यानगरच्या त्या छोट्या ऑफिसात पुष्पावती खुर्चीच्या कडेवर बसली होती, मोबाईल दोन्ही हातांत धरून. समोर खासगी तपास करणाऱ्या आरती म्हस्के. बाजूला वाल्मिक, गाडी तो चालवतो, आणि निष्कर्षही तोच आधी काढतो.

तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा अमृत, टेम्पोवरचा ड्रायव्हर, थोरल्या भावाशी, भिमाजीशी, विहिरीच्या पाण्यावरून भांडला. काही दिवसांनी घोडेगावच्या बाजारात जनावरं उतरवली, टेम्पो मालकाच्या दारात लावला आणि घरी आलाच नाही. पण त्याच्या नंबरवरून मिस कॉल येत राहिला. लग्नापासून दोघांचं ठरलेलं होतं: दोन रिंगा म्हणजे बरा आहे, उचलायचं नाही. हे घरात तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

ती उलट फोन लावायची तेव्हा तो नुसता वाजायचा. आता बंदच लागत होता.

"कॉल यायचा कधी?" आरतीबाईंनी विचारलं.

"एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातीचा."

"शिफ्ट ड्युटी," वाल्मिक म्हणाला. "शुगर फॅक्टरी."

तिलाही तेच वाटत आलं होतं. रात्रपाळीच्या आठवड्यात झोपमोड नको म्हणून ती दिवसा फोन लावत नसे.

"फोन आला की दारच्या पाटाला पानी बी यायचं," ती म्हणाली. "म्या त्याच पान्यानं तोंड धुयाची. वाटायचं, आलेच." आणि मग, "जित्ते हायेत का, येवढंच सांगा."

*

गावातल्या घरी बनुबाई, सासू. डोळे कोरडे, जीभ तिखट. सुनेला माहेरी जा म्हणून किती वेळा सांगितलं, ऐकत नाही, असं तिचं म्हणणं. "त्या मोबाईलच्या डबड्याला हळदकुंकू वाह्याचं तेवढं ऱ्हायलंय."

*

भिमाजी. वाफ्यातलं कांद्याचं रोप माना टाकून पडलेलं. आठवड्यापूर्वी शेतावरचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला, नवा येईना. एरवी त्याला विहिरीवर जावंच लागत नाही. ऑटो बसवलाय, लाईट आली की मोटर आपसूक चालू. तो ऑटो अमृतनंच, भांडणानंतर, जायच्या थोडं आधी, आसारामकडून बसवून घेतला होता. भाऊ कुठे आहे विचारल्यावर भिमाजी वाफ्यात उतरून रोपं चाचपू लागला.

*

आसाराम, गावातला मोटर रिवाइंडिंगवाला. पुष्पावतीला 'वहिनी' म्हणाला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. विहिरीवरच्या मोटरच्या पेटीत काय बसवलं, या प्रश्नावर म्हणाला, स्टार्टर हाय, दुसरं काय असनार.

*

"भिमाजीनं घात केला," वाल्मिक गाडीपाशी कुजबुजला. "सिम लपवलं, पोलिसात कुणी जाऊ नये म्हणून कॉल देत राहिला."

"मग आत्ताच का थांबला?"

 आरतीबाईंनी सगळ्यांना विहिरीवर बोलावलं.

*

त्यांनी आसारामला पेटी उघडायला लावली. स्टार्टरच्या मागे, चिकटपट्टीनं बांधलेला, बटनांचा जुना मोबाईल. पाठीतून दोन वायरी निघालेल्या.

पुष्पावतीनं तो ओळखला. पदर तोंडाला लावून ती खाली बसली.

"शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री येते," आरतीबाई म्हणाल्या. "लाईट आली की हा आपोआप पुष्पावतीला कॉल लावायचा, म्हणून कॉलही तसाच यायचा. पाणी आणि फोन एकदम यायचे, कारण दोघांना जागं करणारी लाईट एकच. डीपी जळाला, दोन्ही थांबले."

"म्हंजे मेला त्यो?" बनुबाईचा आवाज पहिल्यांदाच हलला.

"जोडणी कुणाची ते आधी बघू. दोनच रिंगांनी कट व्हायला हवं, हे या घरात एकट्या पुष्पावतीला ठाऊक होतं. आणि अमृतला."

आसारामनं मान खाली घातली. अमृतनंच बसवायला सांगितलं होतं, तो म्हणाला. या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही, कुठंतरी बस्तान बसलं की हिला नेईन, तोवर हिनं रडू नये. "मी म्हनलं, महिनाभराचा खेळ हाय. नंतर सांगायची हिंमत न्हाई झाली, वहिनी."



आरतीबाईंनी गाडीतली पॉवर बँक मोबाईलला जोडली. स्क्रीन उजळली. थोड्या वेळानं एक मेसेज आला. त्यांनी तो वाचून दाखवला: रिचार्ज झाल्याचा, कालचा.

"सिम तीन वर्षं जिवंत आहे, म्हणजे कुणीतरी रिचार्ज मारतंय. कालचा कुणी मारला?"

"आसारामनं," वाल्मिक म्हणाला.

"डीपी जळाल्याचं सगळ्या गावाला माहीत आहे. हा मोबाईल मुका पडलाय, हे आसारामला सगळ्यात आधी कळलं असणार. तो कशाला मारेल? काल रिचार्ज मारणाऱ्याला इथली लाईट गेल्याचं ठाऊक नाही. तो लांब आहे, आणि त्याला वाटतंय, रिंगा अजून पोचतायत."

वाल्मिकला समजायला वेळ लागला. पुष्पावतीला लागला नाही.

तिनं मोबाईल हातात घेतला, वायरी स्वतः ओढून काढल्या. कॉल खोटे होते. तीन वर्षं तिनं विजेच्या तारेला तोंड धुवून उत्तर दिलं होतं. आणि तो होता. कुठल्यातरी दुकानाच्या काउंटरवर काल उभा राहून त्यानं हा नंबर सांगितला होता.

"शोधू?" आरतीबाईंनी विचारलं. "वेळ लागेल. आणि तो येईलच, असं मी सांगू शकत नाही."

"येऊ नगंत," पुष्पावती म्हणाली. "तुमी गाव शोधा. म्या जाती."

"अन् म्हनशील काय त्याला?" बनुबाईनं विचारलं.

पुष्पावतीनं सासूकडे पाहिलं.

"अगुदर त्यांचा आवाज ऐकीन, आत्या. लई दिस झाले."