म्हाताऱ्याला पोचवताना

हात जरा वर करा. हं, असेच राहा. मापं घेता घेता सांगतो, कारण आत आल्यापासून तुमची नजर त्या खिळ्यावरच आहे. शिंप्याच्या दुकानात कात्रीशेजारी पान्हा कशाला टांगलाय, असंच ना? सगळे विचारतात. बायको म्हणते, हे सांगून तुम्ही गिऱ्हाईकं पळवून लावाल. पण अजून कुणी पळालेलं नाही. छाती अडतीस.

पान्हा आमच्या बाबांचा. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे, आई होती तेव्हा तीसुद्धा. मोटारी दुरुस्त करण्यात हयात गेली त्यांची, आणि एकुलता एक मुलगा निघाला शिंपी. "तू आपली सुई धर, पान्हा तुझ्या बापालाच शोभतो," म्हणायचे आणि खो खो हसायचे. राग नव्हता हो त्यांना. माझ्या हातचाच शर्ट घालायचे, आणि दोन दिवसांत त्याचं पोतेरं करायचे.

सुट्टीच्या दिवशी ते गाडीखाली आणि मी स्टिअरिंगवर. खालून ओरडलेलं वर ऐकू येत नाही, म्हणून पत्र्यावर मुठीनं ठोकायचे. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे पान्हा दे. तीन म्हणजे चालू कर. ही भाषा मी आधी शिकलो, बाराखडी नंतर.

त्यांचं आणखी एक खूळ होतं. गाडीचं वापरून काळं झालेलं तेल, त्याला आमच्या घरात 'म्हातारा' म्हणत. "त्यानं सहा महिने इंजिनाची सेवा केली, आता त्याला गटारात ढकलायचं होय? म्हाताऱ्याला नीट पोचवायचं." मग कॅन भरून ओढ्यापलीकडच्या पिंपवाल्याकडे जायचे. हा पिंपवाला सगळ्यांचं जुनं तेल गोळा करतो आणि शुद्ध करायला पाठवतो. बाबा स्वतः पोचवून यायचे, ऊन असो की पाऊस. खांदे सोडा सैल.

बाबा गेले आणि सहा महिन्यांनी ही गोष्ट घडली. बायकोचे दिवस भरत आले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कधीही. दवाखाना डोंगरापलीकडे, मध्ये जंगलातला नागमोडी रस्ता, वाटेत चिटपाखरू नाही. आणि दाराशी बाबांची गाडी, तिचं तेल बदलायची वेळ कधीच उलटून गेलेली. कुठल्याही गॅरेजात नेता आली असती. पण उस्तादांचा मुलगा तेल बदलायला दुसऱ्याच्या दारात? मला ते जमेना. अडाण्याचा गाडा म्हणतात तो हा.

दुपारी जेवून गाडीखाली शिरलो. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं पात्र, त्याचा बोल्ट बाबांच्या पान्ह्यानं काढला. तेल निघालं डांबरासारखं काळं. सगळं परातीत गळू दिलं, बोल्ट परत लावला, वरून नवं तेल ओतलं, जुनं कॅनमध्ये भरलं. इतका खूश झालो म्हणता, आत जाऊन आरशात तेलकट तोंड बघून आलो. अंगणातूनच बायकोला ओरडून सांगितलं, "अगं, म्हाताऱ्याला कॅनमध्ये भरलंय, पोचवून येतो." शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक. "अरे, त्यांना जाऊन सहा महिने झाले ना? अजून घरातच...?" आमची पोट धरून हसता हसता पुरेवाट. बायकोला तर म्हटलं, बाई गं, इथेच मोकळी व्हायचीस.

पण खरं सांगू? पिंपवाल्याकडे जायचा मला कंटाळा आला होता. पाठ मोडलेली, संध्याकाळ होत आलेली. घरामागे उघडं गटार आहे, ते पुढे ओढ्याला मिळतं. म्हटलं, कोण बघतंय. बायकोच्या नजरेआड कॅन घेऊन मागे गेलो. तिथे अंगणातला दिवा पोचत नाही. पाणी संथ, त्याला कुजक्या पाल्याचा वास. झाकण फिरवलं आणि कॅन कलता केला.

आतून एक ठोका पडला.

तळाला, आतल्या बाजूनं. मुठीनं ठोकावं तसा. हातांतून खांद्यापर्यंत जाणवला. मी होतो तसाच उभा राहिलो. तेल अगदी तोंडाशी आलं होतं, पण एक थेंब सांडला नाही. मानेवर ओलं फडकं ठेवावं तसं गार वाटलं. पुन्हा कलता करायची हिंमत झाली नाही. झाकण घट्ट लावलं, गाडीत पुढच्या सीटवर कॅन ठेवला आणि, हसू नका, त्याला पट्टाही लावला.

बायकोपाशी काकू थांबल्या. मी निघालो. स्वतःला समजावत होतो, हवा भरली असेल आत, बुडबुडा फुटला असेल. तेवढ्यात ओढ्याच्या पुलाच्या अलीकडे, शेजारच्या सीटवरून, पुन्हा. एक ठोका.

"बाबा...?" म्हटलं मी. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

गाडीत त्यांचा वास येत होता, तेलाचा आणि अंगाच्या साबणाचा. तेलाचा वास कॅनचा, मान्य. पण साबण... तो घरात आता कुणी वापरत नाही.

मी गाडी थांबवली, खाली उतरलो. मागच्या रस्त्यावर पिवळसर थेंब, घरापासून पुलापर्यंत, टाके घातल्यासारखे. खाली वाकून बघतो तर चेंबरच्या बोल्टातून नवंकोरं तेल गळतंय. हीच गाडी बायकोला घेऊन जंगलात नेणार होतो मी. तेल संपून इंजिन तिथे बंद पडलं असतं म्हणजे? बाबांचा पान्हा खिशात होता. रस्त्यावर उताणा पडून जोर लावून बोल्ट आवळला. गळती थोडी कमी झाली. आणि वरच्या पत्र्यावर, माझ्या कपाळाच्या वीतभर वर, तीन ठोके पडले.

मी ओक्साबोक्शी रडलो हो. घाबरून नाही. सहा महिन्यांत रडलोच नव्हतो. डोळे पुसले आणि गाडी चालू केली.

पिंपवाल्यानं कॅन ओळखला. "उस्तादांचा ना हा?" म्हणाला. मी सगळं काही सांगितलं नाही, फक्त गळतीचं सांगितलं. त्यानं तेल गाळणीतून पिंपात ओतलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत कॅन उलटा धरला. कॅनमध्ये ठोकण्यासारखं काहीच नव्हतं. गाळणीत मात्र एक तांब्याची चकती उरली, शर्टाच्या बटणाएवढी, मध्ये भोक. ती त्यानं दोन बोटांत धरून माझ्यासमोर नाचवली. "ही बोल्टाखाली बसवतात. जुन्या तेलात पडली आणि तू तशीच कॅनमध्ये ओतलीस. गटारात सोडलं असतंस तर ही सापडली नसती, आणि गळती कशानं, ते तुझ्या बापालासुद्धा कळलं नसतं."

"बापाला कळलं असतं," मी म्हटलं.

त्यानं नवी चकती बसवून दिली, तेल पुरं भरून दिलं. उस्तादांच्या पोराचं काम म्हणून चहासुद्धा पाजला. परत येताना शेजारची सीट गप्प होती. पट्टा मात्र मी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायकोनं दंड धरून उठवलं. "अहो, निघूया." बस्स, एवढंच. सगळा घाट गाडी लोण्यासारखी चालली. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात मुलगी झाली. गोरीपान, केस हे एवढे, नाक थेट उस्तादांचं. मी दिसेल त्याला सांगत सुटलो. रखवालदाराला तर दोनदा सांगितलं, तो म्हणाला, साहेब, मघाशीच अभिनंदन केलं की.

एकच काळजी होती. जन्मल्यावर ती जेमतेम कण्हली, नीट रडलीच नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे, पण एकदा दणकून रडू दे. वॉर्डात चाकांच्या लोखंडी पाळण्यात तिला ठेवलं होतं. बायको डोळे न मिटता तिच्याकडे बघत होती. बाहेर उजाडत होतं. वॉर्ड इतका शांत, की सलाईनचा थेंब ऐकू यावा.

पाळण्याखालून दोन ठोके आले.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिलाही ऐकू आले होते. दोन म्हणजे पान्हा दे. माझा हात आपोआप खिशात गेला, कालपासून पान्हा तिथेच होता. मी फरशीवर गुडघे टेकले. पाळण्याखाली कुणी नव्हतं. पण पुढच्या चाकाचा नट शेवटच्या आट्यावर लोंबत होता. कुणी पाळणा जरा सरकवला असता तर चाक निखळून लेक जमिनीवर आली असती. पान्हा लावला तर बरोबर मापात बसला. गंमत सांगतो, तो नट मी एकट्यानं आवळत नव्हतो. पान्ह्याचं दुसरं टोक कुणीतरी धरल्यासारखं हलकं फिरत होतं.

नट बसला. मी उठलो. आणि मग तीन ठोके.

लेकीनं असा टाहो फोडला, की शेजारच्या पाळण्यातली दोन बाळंही उठली. बायको हसत होती आणि रडत होती. "झाली चालू," मी म्हटलं. माझ्या आयुष्यात मी इतका सुखी कधीच नव्हतो.

झाडायला आलेल्या मावशी तेवढ्यात थबकल्या. पाळण्याखालच्या पांढऱ्याशुभ्र फरशीवर तळहाताएवढा काळा डाग होता, ताजा. बोटं उमटलेली. त्यांनी पुसला, हुंगला आणि म्हणाल्या, "इथं गॅरेजचं तेल कुणी सांडलं?" मी पान्हा हळूच खिशात सारला.

लेक आता पाच वर्षांची आहे, शाळेत गेलीय. तेल दर सहा महिन्यांनी मीच बदलतो, चकती आधी खिशात टाकतो. म्हाताऱ्याला पोचवायला ती माझ्याबरोबर येते. घाबरावं असं यात काय आहे, तुम्हीच सांगा.

चला, झाली मापं. हा कच्चा शिवलेला कोट एकदा अंगात घालून बघा, कॉलर बसते का पाहू. हं, मान सरळ...

थांबा. हलू नका.

ऐकलंत ना? मशीनखालून. एकच आला.

मानेला हात लावू नका, मी बघतो... ही बघा. कॉलरमध्ये टाचणी राहिली होती माझी, टोक थेट तुमच्या शिरेवर.