लाल दोऱ्याचा भोपळा

"भोपळा कापलात का हो?"

दारात एक अनोळखी तरुण, गुडघ्यापर्यंत माती, धापा टाकतोय... आणि पहिलाच प्रश्न हा!

"कापला की! शिजलासुद्धा," ती म्हणाली. "जेवायला आलात?"

तो उंबऱ्यावरच मटकन बसला.

आज इतक्या वर्षांनी ती हे सांगते, तेव्हा लेकी पोट धरधरून हसतात. पण त्या दिवशी त्याचा चेहरा बघून तिचं हसू जागीच विरलं.

ती शिवणकाम करायची. आई गेल्यापासून बाबा आणि दोन भावांचा स्वयंपाकही तिच्याकडेच. आसपास त्या दिवसांत जे पिकतं तेच शिजवायचं, हा आईचा शिरस्ता तिनं मोडला नव्हता. भाऊ कुरकुरायचे, "ताई, परत भोपळा?" ती म्हणायची, "मळ्यात जाऊन विचारा, दुसरं काय पिकलंय ते."

तो मळा दारात आलेल्या ह्या तरुणाचाच होता. बाजारात भाजी विकायची त्याची वहिनी. त्याच्या आईनं लावलेल्या भोपळ्याचं बी तो दरवर्षी धरायचा, आणि बियाण्याच्या फळाला लाल दोरा बांधायचा. त्याचा अर्थ, हे विकायचं नाही. आता आई नव्हती. यंदा बाकीची फळं ओलीनं कुजली, जुनं बीही संपलं. उरलेला एकुलता एक भोपळा नव्या वहिनीनं नकळत हिलाच विकून टाकला होता.

"अगंबाई! दोरा मला शोभेचा वाटला," ती ओशाळली. "ठेवलाय मी गुंडाळून. दोरा फेकवत नाही हो माझ्याच्यानं."

"आणि... बिया?"

तेवढ्यात आतून खमंग वास आला.

"बाबा!" ती धावली.

बाबा तव्यापाशी निवांत बिया चघळत होते. "मीठ जरा जास्त हवं होतं गं."

दोघांनी सालींची टोपली जमिनीवर उपडी केली. शोधता शोधता डोकी आपटली, बोटांना बोटं लागली. गराच्या धाग्यांत अडकलेल्या तीन बिया सापडल्या. फक्त तीन!

"दोन तुम्ही न्या," ती म्हणाली. "एक मी अंगणात लावते. बी दोन घरांत असलेलं बरं."

"जमेल तुम्हाला?"

"बाही जोडता येते मला. बी पेरायला काय लागतं?"

पेरणीचे दिवस आले, आणि तो 'वेल बघायला' येऊ लागला. आधी आठवड्यानं, मग एक दिवसाआड... हातात कधी पालकाची जुडी, कधी कोवळ्या शेंगा. जे तो आणेल, ते त्या घरात शिजायचं. भावांची कुरकुर कधी थांबली, कुणाला कळलंच नाही.

एकदा भल्या सकाळी तो नरफूल तोडून मादीफुलावर हलकेच टेकवत होता.

"हे काय चाललंय?"

"लग्न लावतोय," तो वर न बघता म्हणाला. "फुलांचं."

"फुलांचंच ना?"

त्याचे कान लालबुंद झाले. ती पटकन आत पळाली, आणि उलटी बाही शिवून बसली.

त्याच्या दोन बियांपैकी एक रुजलीच नाही, दुसरीचं रोप गोगलगायींनी फस्त केलं. तिच्या वेलाला मात्र एक भोपळा धरला, चांगला पिकला. तिनं देठाला तोच लाल दोरा बांधला आणि भोपळा कडेवर घेऊन मळा गाठला.

तो दोऱ्याकडे बघतच राहिला. डोळे भरून आले त्याचे. मग म्हणाला, "आता... बी दोन घरांत ठेवायचं ना?"

"नको," ती म्हणाली. "एकाच घरात ठेवू."

आता बाबा नाहीत. भोपळ्याचं बी धरायच्या दिवशी ती मूठभर बिया बाजूला काढते, तव्यावर भाजते, आणि मीठ जरा जास्तच घालते.