न घडलेली आठवण

लातूरला शिकवण्यांच्या गल्ल्यांमध्ये दुपारी जेवणानंतर थोडी शांतता असते. सकाळच्या बॅचची मुलं मेसमधून खोल्यांवर गेलेली असतात, झेरॉक्सची दुकानं अर्धी शटर ओढून घेतात. अर्शीनं आपल्या मुलाखतींसाठी हीच वेळ निवडली होती.

अर्शी नांदेडची. इतवाऱ्यात तिच्या वडिलांचं, मुज्तबाभाईंचं, घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ती पुण्यात मानसशास्त्र शिकत होती. चार वर्षांची पदवी, त्यातलं तिसरं वर्ष परदेशात काढायचं. ते तिनं स्कॉटलंडमध्ये काढलं आणि तिथूनच शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय घेऊन आली. न घडलेली गोष्ट माणसाला आठवायला लागते का?

पद्धत साधी होती. मुलाच्या घरी फोन करून त्याच्या लहानपणचे दोनचार खरे प्रसंग विचारून घ्यायचे. त्यात एक खोटा मिसळायचा. मग मुलाला अधूनमधून बोलावून सगळ्या प्रसंगांबद्दल बोलतं करायचं. शेवटी त्याला खरं-खोटं सांगून टाकायचं, हा नियमच होता.

खोटा प्रसंग अर्शीनं तिकडच्या ग्रंथालयात बसून रचला होता. बाहेर करडा दिवस होता आणि तिला आपल्याकडचा आठवडी बाजार आठवत होता. पाच वर्षांचं मूल बाजारात हरवतं. हिरव्या बांगड्या घातलेली एक अनोळखी बाई त्याचा हात धरते आणि त्याला आईपाशी आणून सोडते. एवढंच. बाईचा चेहरा, लुगडं, बोलणं तिनं मुद्दाम मोकळं ठेवलं. त्या रिकाम्या जागा ज्यानं त्यानं आपापल्या मनानं भरायच्या होत्या.

मुलं ज्यांना मामा म्हणत त्या हॉस्टेलमालक श्रीमंतमामांनी हॉस्टेलातली एक खोली तिला दुपारपुरती दिली. मामा औशापलीकडच्या एका गावचे. त्र्याण्णवच्या भूकंपात गाव गेलं, तसे ते लातूरला आले आणि शिकवण्या वाढल्या तशी त्यांनी खोल्यांवर खोल्या चढवल्या. तिथं राहणारी मुलं नीटची दुसऱ्यांदा तयारी करणारी, अठरा पूर्ण झालेली.

पहिल्या भेटीत बाई कुणालाच आठवली नाही. दुसऱ्या भेटीत मुखेडचा बसवंत खुर्चीत बसता बसताच म्हणाला, "दीदी, ती बाई आठवली बरं का. मातीनं भरलेली होती."

"कपडे मळलेले होते?"

"न्हाई. केसात माती. पापण्यांवर पण. भिंत आंगावर पडल्यावानी."

"काही बोलली?"

"म्हनली, आधी मी तुझं घर दावते, मग तू माझं दाव."

अर्शीला आनंदच झाला. शोधनिबंधांत वाचलं होतं अगदी तसं घडत होतं. दुसऱ्या दिवशी हिमायतनगरची सृष्टी आली. तिनंही पापण्यांवरची माती सांगितली आणि तेच वाक्य सांगितलं. दोघं एकाच मेसमध्ये जेवत होती. आपसांत बोलली असणार, असं अर्शीनं टिपून ठेवलं.

म्हणून मग ती अलीझाकडे गेली. अलीझाही प्रयोगात होती, पण हॉस्टेलातली नव्हती. मूळची इस्लापूरची. शहराच्या दुसऱ्या टोकाला मावशीकडे राहायची, वेगळ्या शिकवणीला जायची, या दोघांना तिनं कधी पाहिलेलंही नव्हतं.

"आधी मी तुझं घर दाखवते, मग तू माझं दाखव," अलीझा म्हणाली. "असं बोलली ती. मग मी रडायची थांबले."

अर्शीनं बसवंतच्या आईला, सिंधुबाईंना, पुन्हा फोन लावला. बसवंत बाजारात कधी हरवला नव्हता, ही खात्री तिनं त्यांच्याकडूनच करून घेतली होती.

"हरवला होता की," सिंधुबाई म्हणाल्या. "एक बाई घेऊन आली. लई उपकार झाले तिचे."

"पण तुम्हीच मागं म्हणालात, कधीच हरवला नाही म्हणून."

"मी?" सिंधुबाईंनी विचारलं. "मी कशी म्हनंन तसं? लेकरू हरवलेलं आई इसरती का?"

अर्शीनं प्रयोग थांबवायचं ठरवलं. तिघांना एकत्र बसवून तिनं सगळं उलगडून सांगितलं. अशी बाई नाही. कधी नव्हती. ती मी तयार केली. अलीझा ओढणीचं टोक पिळत होती.

"कुठं तयार केली, दीदी?" सृष्टीनं विचारलं.

"स्कॉटलंडला. मी शिकत होते तिथं."

"इतक्या लांब," सृष्टी म्हणाली. "तिथून चालत आली असंल ती."

दुसऱ्या दिवशी सृष्टी शिकवणीला गेलीच नाही. श्रीमंतमामांनी अर्शीला फोन केला. "सकाळी मला इचारत होती, तुमच्या जुन्या गावाला कोणती गाडी जाते म्हनून. मी ह्या पोरांना गावाचं कधी सांगितलं न्हाई. कुनालाच सांगत न्हाई मी."

दोघं मामांच्या गाडीतून निघाले. जुन्या गावाच्या जागी आता बाभळी माजल्या होत्या. दगडांचे ढीग, मधूनच एखादं शाबूत जोतं. ऊन कडक होतं आणि एकही पाखरू ओरडत नव्हतं. मामा गाडीतून उतरले, पण पुढं आले नाहीत.

सृष्टी एका जोत्यावर बसली होती. कोपरापर्यंत हात मातीत बरबटलेले, नखं तुटलेली. चेहरा मात्र शांत.

"दीदी, मी तिला हे दावलं. उकरून पन बघितलं."

"कुणाला?"

"ती म्हनली, हे न्हाई. हे पडलं."

अर्शीनं तिचा हात धरला. थंडगार होता.

"मग?"

"मग म्हनली, जिनं मला धाडलं, तिच्याकडंच जाते."

सृष्टीचे वडील संध्याकाळपर्यंत येऊन तिला घेऊन गेले. मामांनी अर्शीकडून खोलीची किल्ली मागून घेतली.

त्या आठवड्यात अर्शीनं एकेकाला फोन केला. सृष्टी नीट जेवत होती, अभ्यासाला बसत होती. "कोन बाई, दीदी?" तिनं विचारलं. बसवंतला काही आठवत नव्हतं. अलीझालाही नाही. सिंधुबाई म्हणाल्या, बसवंत कधी हरवलाच नव्हता, मी मागंच सांगितलं होतं तुम्हाला.

अर्शीला हलकं वाटलं. तिनं सामान आवरलं आणि सकाळच्या एसटीनं नांदेड गाठलं.

भर दुपारी ती घरी पोचली. अब्बा दुकानात होते. दादी खातूनबी चुलीपाशी चहा गाळत होत्या.

"अच्छा हुआ, तू आ गई," त्या म्हणाल्या. "तेरी मेहमान कब की बैठी है."

"कोण?"

"वोईच. तू छोटी थी तब बाजार में गुम गई थी ना, तेरेकू घर लाके छोड़ी थी वो बाई."

"दादी, मी कधी हरवले नव्हते."

खातूनबींनी वर पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. नवल होतं. "अगे, मैं कित्ता रोई थी उस दिन."

अर्शीनं बैठकीत डोकावलं. कुणी नव्हतं.

"अंदर नक्को बोली. छत के नीचे नहीं बैठती बोली." खातूनबींनी चहाचा कप तिच्या हातात दिला. "ऊपर है, गच्ची पे. लेके जा, ठंडा हो रहा."

अर्शी जिन्याच्या पायरीशी उभी राहिली.

वर पावलं वाजत होती. सावकाश. थोडी सरळ, मग थांबून काटकोनात वळलेली, मग पुन्हा सरळ. नव्या घराचं जोतं आखताना माणूस चालतो तशी. इथं दार, इथं चूल, इथं लेकरांची निजायची जागा.