धाब्यावरचा जोडा

कायसेरी शहराच्या मोची पेठेत लबाड कारागिराला कोणी मारत नसे. एकमेकांना ‘आखी’, म्हणजे भाऊ, म्हणवणाऱ्या त्या सूफी कारागिरांना मारहाण हलकटपणाची वाटे. ते फक्त त्याचा जोडा खानकेच्या, म्हणजे आपल्या मठाच्या, सपाट मातीच्या धाब्यावर भिरकावत. ज्याच्या हातचा जोडा, त्याला त्या घटकेपासून पेठेत सलाम नाही, विस्तव नाही, भाकरी नाही. माणूस काही दिवस तग धरी आणि मग दिसेनासा होई. “शिवासला गेला असेल,” असं दूरच्या शहराचं नाव घेऊन लोक त्याचं दुकान दुसऱ्याला देऊन टाकत.

जोडा भिरकावण्याचा मान सुंगुर उस्तादचा होता. तो स्वतः मोची होता, आणि भुताखेतांचं त्याला वावडं होतं. कातडं, दोरा आणि माणसांचा मूर्खपणा या तीनच गोष्टी जगात टिकाऊ आहेत, असं त्याचं मत.

त्या हिवाळ्यात मोच्यांचा प्रमुख वारला. येत्या शुक्रवारी खानकेचे शेख, आखी मुकबिल, नव्या प्रमुखाच्या कमरेला पट्टा बांधणार होते. सुंगुरने त्या पट्ट्यासाठी अर्धं आयुष्य शेखांच्या विनोदांना हसण्यात घालवलं होतं. पट्टा मात्र बख्शायिशला मिळणार हे पेठेतली मांजरंही सांगू शकली असती. बख्शायिशचे जोडे नवऱ्याच्या रुसव्यापेक्षा जास्त टिकतात, असं बायका म्हणत.

म्हणून सुंगुरने घराचं दार लावून एक जोडा शिवला. बख्शायिशचा टाका, बख्शायिशची खूण, आणि तळात कातड्याऐवजी चिंध्या. काम इतकं बेमालूम उतरलं की त्याला थोडं वाईटच वाटलं. स्वतःच्या नावाने असं काम त्याला कधी जमलं नव्हतं.

खानकेत सगळे जेवायला जमले तेव्हा त्याने तो जोडा मधोमध ठेवला आणि सुरीने तळ उसवला. चिंध्या बाहेर आल्या.

“बख्शायिश, हा तुझा?” शेखांनी विचारलं.

बख्शायिशने जोडा उलटसुलट करून पाहिला. “टाका माझ्यासारखा आहे, बाबा. पण हात माझा नाही.”

“मग चिंध्या आपल्या पायाने चालत आत शिरल्या असतील,” सुंगुर म्हणाला. मंडळी हसली. भूक लागली होती, लवकर हसली.

शेखांनी डोळे मिटले. “ज्याचा हात, त्याचा जोडा. टाक वर.”

सगळे अंगणात आले. सुंगुरने जोडा भिरकावला. वर पडल्याचा आवाज आला नाही. बर्फ आहे, त्याने मनाशी म्हटलं.

दुसऱ्या सकाळी बख्शायिश तोरुमतायच्या खानावळीत आला. सुंगुर तिथे मेंढीच्या पायांचं सूप पीत होता.

“तोरुमताय, पोरगी तापाने फणफणलीय. सूप नको, निखारा तरी दे.”

तोरुमतायने भिंतीकडे पाहत चुलीतले जादा निखारे बाहेर ओढले आणि त्यांच्यावर शांतपणे पाणी ओतलं. बख्शायिश वाफेकडे बघत बाहेर पडला. सुंगुरने आणखी एक वाडगा मागवला. त्या दिवशी सूप फार चवदार झालं होतं.

पुढच्या सकाळी तोरुमतायने सुंगुरचा वाडगा भरला आणि शेजारच्यापुढे ठेवला.

“माझा आहे तो.”

“हं?” शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकावा तशी तोरुमतायची नजर त्याच्या चेहऱ्यावरून सटकली. “हो, हो. देतो.” दिलं नाही.

इतक्यात बख्शायिश आत आला. तोरुमतायने स्वतःच्या फडक्याने बाक पुसला. “या, उस्ताद! पोरगी कशी आहे?”

“उतरला ताप. तुझ्या निखाऱ्यांनी वाचवलं बाबा तिला.”

“आखी, लाजवतोस काय!”

सुंगुर उठला. “अरे, काल तर निखाऱ्यांवर पाणी ओतलंस! नियम आहे की पोरखेळ? परवाच ह्याचा जोडा—”

कोणी वळलं नाही. तोरुमतायने जाऊन दार नीट लावलं. “कुठून वारा शिरतोय कोण जाणे.”

बख्शायिशने सगळ्यांना फितवलं, असं सुंगुरने ठरवलं. शहाण्या माणसाला कारण लागतं. तो तणतणत घरी आला. त्याची बायको एसेन त्याचा मेंढीच्या कातड्याचा डगला शेजारणीला देत होती.

“शिवासला गेला म्हणे. जाताना सांगणंसुद्धा नाही. जन्मभर तसलाच मेला!”

तो घसा बसेपर्यंत ओरडला. मग त्याने तिच्या थोबाडीत मारली. एसेनने माशी हाकलावी तसा गालावरून हात फिरवला आणि शेजारणीला म्हणाली, “बाह्या जरा आखूड कर.”

शुक्रवारी खानका भरली. सुंगुर भल्या पहाटेच येऊन प्रमुखाच्या आसनावर बसला होता. शेखांनी मिठाचं पाणी बख्शायिशच्या ओठांना लावलं, पट्टा हातात घेतला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, “कोणाची हरकत?”

“माझी!” सुंगुर ओरडला.

शेख थांबले.

“मुकबिल बाबा, माझी!”

चूल तडतडत होती.

“तो जोडा मी शिवला होता. चिंध्या मी भरल्या. माझा हात होता, माझा! शिव्या द्या, हाकलून द्या, पण माझ्याकडे बघा!”

“कोणाचीच नाही,” शेख म्हणाले आणि त्यांनी पट्टा आवळला. बख्शायिश आसनावर बसायला आला. सुंगुर कसाबसा बाजूला झाला.

जोडा खाली आणला की सगळं मिटेल, असं त्याने ठरवलं.

खानकेमागे शिडी होती. भर दुपार. एर्जियेसचा पांढरा डोंगर डोळ्यांत खुपत होता. सुंगुर वर चढला.

धाब्यावर बर्फ होता. बर्फावर एकाही पावलाची खूण नव्हती.

पलीकडच्या कडेला माणसं बसली होती, पेठेकडे पाय सोडून. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक जोडा. त्यांच्या पाठी त्याने ओळखल्या. जोडा भिरकावल्यावर त्यांना पाठमोरं जाताना त्यानेच पाहिलं होतं.

त्यांचे ओठ हलत होते. खालून जाणाऱ्या एकेकाला ती नावाने हाका मारत होती.

आवाज नव्हता.

शेवटचा माणूस मागे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने छातीवर हात ठेवून सुंगुरला सलाम केला.

आणि शेजारच्या जागेवरचा बर्फ तो हाताने झाडू लागला.