अठ्ठावन्न नंबरची छावणी

कल्पना करा, समुद्राने तुमचं गाव गिळलंय आणि सगळ्यांना मिळेल त्या बोटीने चाळीस तरंगत्या छावण्यांत नेलंय. तुमची आई कुठल्या छावणीत आहे, हे कसं शोधाल?

नऊ वर्षांची ओवी तांडेल बारा दिवस तेच विचारत होती. सातव्या छावणीच्या नोंदणी-खिडकीतला यंत्रमानव रोज सांगे: सुनंदा तांडेल, नोंदी नऊ. आठ बायका भलत्याच निघाल्या. नववीपुढे छावणी लिहिली होती अठ्ठावन्न.

"पण छावण्या तर चाळीसच आहेत," ओवी म्हणाली.

खिडकीमागच्या दिनकरआजोबांनी चष्मा काढला. नोंदींचा तक्ता त्यांनीच बनवला होता. "चूक माझी, बाय. रांग अडू नये म्हणून मी एकही अट घातली नाही. ज्याने जे लिहिलं ते तक्त्याने घेतलं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. वाडीत सगळेच तांडेल, त्यात बायकांचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. नावावरून माणूस कसा ओळखणार? म्हणून एसक्यूएलमध्ये (तक्त्यांशी बोलायची भाषा) तक्ता बनवतानाच प्रत्येक ओळीला प्रायमरी की (दुसऱ्या कुणालाही न मिळणारा क्रमांक) द्यायची. नावाच्या रकान्याला 'नॉट नल' ही अट, म्हणजे तो कोरा सोडता येत नाही. छावणीच्या रकान्याला फॉरेन की: तिथला आकडा छावण्यांच्या तक्त्यात असलाच पाहिजे, नाहीतर नोंद परत.

"मग आता घाला ना अटी."

"घालतो. पण अट चुकीचं आत येऊ देत नाही, एवढंच. जे हरवलं ते ती शोधून आणत नाही."

नव्या तक्त्यात पहिली नोंद ओवीची भरायला घेतली. शेवटचा रकाना आईच्या क्रमांकाचा होता, तोही याच तक्त्यातला हवा. ओवीने अंदाजाने २ लिहिला. यंत्रमानवाने नोंद परत केली. त्या क्रमांकाचं कुणीच नव्हतं.

"म्हणजे आई नाही?"

"तिची ओळ अजून लिहिलेली नाही," आजोबा हळू म्हणाले. "तेवढा एक रकाना मी कोरा चालेल असा ठेवलाय. खोटं भरण्यापेक्षा कोरं बरं."

तेवढ्यात धक्क्याला एक बोट लागली. भिजलेली माणसं उतरू लागली. त्यांत आई नव्हती.

ओवीने आकडा पुसला, रकाना कोरा ठेवून नोंद पक्की केली आणि आजोबांचा टॅबलेट उचलून धक्क्यावर गेली. रांगेतल्या पहिल्या बाईला तिने सासरचं नाव विचारलं, माहेरचंही विचारलं, आणि पडद्यावर क्रमांक उमटेपर्यंत तिचा हात सोडला नाही.