टाचण्यांचा पुतळा

थोरली सून जिना चढून शिवणघरात आली तेव्हा दोन्ही मशीनं थांबलेली होती, आणि भर दुपारी त्या खोलीत एवढी शांतता तिने बारा वर्षांत अनुभवली नव्हती... कोपऱ्यातल्या बिनडोक्याच्या पुतळ्यावरची चादर खाली पडली होती आणि त्या कापडी अंगाला, मानेत, डाव्या खांद्यात, कमरेत, टाचण्याच टाचण्या टोचलेल्या होत्या. समोर सासूबाई उभ्या होत्या, शेजारी तिचा नवरा. पुतळा सासूबाईंच्याच मापाचा होता!

"हे तू केलंस?" नवऱ्याने विचारलं.

"हो."

"आईच्या अंगावर?"

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

तीन वर्षं थोरलीचं अंग दुखत होतं. आज मान, उद्या कंबर, परवा सगळंच. फोटो झाले, रक्त तपासलं, सगळं स्वच्छ! मग घराने निकाल लावला की कामाचा कंटाळा आहे; नाचता येईना, अंगण वाकडं. आणि हीच थोरली सासूबाईंचा हात कात्रीवर अडखळताना पाहून, जाड कोटांची शिवण गुपचूप आपल्या मशीनवर ओढून घेत होती. त्याचा गवगवा तिने कधी केला नाही.

महिन्यापूर्वी ती चोरून एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. "दुखणं खरं आहे," त्या म्हणाल्या होत्या, "कुठे मोडलेलं नाही, पण मज्जातंतू धोक्याची घंटा वाजवत राहतात. रोज थोडं चाला, दमायच्या आधी थांबा, आणि कुठे कसं दुखलं ते टिपून ठेवा. एका दिवसात जाणार नाही, पण आटोक्यात येईल." वही कुणीतरी वाचली असती. शिंप्याच्या घरात टाचणीला कोण विचारतो? म्हणून जिथे दुखेल तिथे ती पुतळ्याला टाचणी टोचू लागली: जळजळीला काळ्या डोक्याची, ठणक्याला पांढऱ्या. पुतळा कुणाच्या मापाचा, हे त्या वेदनेत तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं...

हे सगळं तिने सांगितलं. नवऱ्याने नकारार्थी मान हलवली.

"महिनाभर आईचा डावा खांदा वर जात नाही. ही करणी नाही तर काय समजायचं? तू काही दिवस माहेरी जा."

काही दिवस म्हणजे किती, हे तिला कळलं.

सासूबाई मात्र पुतळ्याजवळ गेल्या. त्यांनी मानेतल्या टाचणीवर बोट ठेवलं आणि त्यांचीच मान आखडली. खांद्यावर ठेवलं, खांदा आक्रसला. कमरेवर ठेवलं, आणि त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"माझं दुखणं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, आई. हे माझं आहे."

सासूबाई मुलाकडे वळल्या.

"महिनाभराचं नाही रे. चाळीस वर्षांचं आहे. डॉक्टर म्हणाला काही नाही, तुझी आजी म्हणाली सोंग. मग मी बोलायचंच सोडलं... आणि तेच हिला ऐकवलं."

तो स्टुलावर बसला. थोरलीच्या डोळ्यांतून इतक्या वर्षांचं पाणी वाहू लागलं, आणि पुसायचंही तिला सुचेना.

सासूबाईंनी पिनकुशनमधून एक टाचणी उचलली आणि पुतळ्याच्या उजव्या बरगडीखाली टोचली.

"इथलं राहिलं तुझं."

"तिथे मला दुखत नाही, आई."

"मग ही माझी."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या. दार उघडून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दोघींपैकी आधी कोण?"

सासूबाईंनी सुनेचा हात धरून तिला उठवलं.

"आधी हिला बघा. माझं चाळीस वर्षं थांबलंय, आणखी घटकाभर थांबेल."